गुडूपचं माणूस

या पानावर लिहिणारे बहुतेक जण अमावस्येच्या रात्रीपासून सुरुवात करतात. माझी हकीकत भर दुपारी सुरू होते, जेवणाच्या सुट्टीत. बाहेर इतकं ऊन होतं की गाडीच्या सीटवर टेकवत नव्हतं.

घडलेलं सगळं खरं आहे. शपथा घेत बसत नाही. ज्याला पटेल त्याने वाचावं, ज्याला नाही पटणार त्याने हसावं. मीही हसलो असतो.

मी खेळणी बनवतो. विकत नाही, डोक्यातून काढतो. लग्न जमवताना हे सांगितलं की मुलीकडचे विषय बदलायचे, म्हणून अजून एकटाच आहे.

आमची कार्यशाळा एका जुन्या इमारतीच्या तळमजल्यावर आहे. माणसं तीनच. एक मी. दुसरा पेचकस, म्हणजे आमचा इलेक्ट्रॉनिक्सवाला. त्याच्या वरच्या खिशात कायम पेचकस खोचलेला असतो, स्वतःच्या लग्नाच्या फोटोतसुद्धा आहे. आणि तिसऱ्या शिवणकाकू. त्या खेळण्यांचं बाहेरचं अंग शिवतात आणि वेळ पडली तर आम्हा दोघांनाही उसवतात.

गेल्या वर्षी आम्ही अंधाराला घाबरणाऱ्या मुलांसाठी एक खेळणं करत होतो. बाजारात असली खेळणी ढिगाने मिळतात. ती दिवा लावतात, गाणं म्हणतात, ‘घाबरू नकोस’ म्हणतात. घाबरलेल्या पोराला ‘घाबरू नकोस’ म्हणून काय होतं, हे ज्याच्या घरात पोर आहे त्याला विचारा.

आमचं सगळं उलटं होतं. आमचं खेळणंच घाबरट होतं.

उशीएवढं कासव, मखमलीच्या पाठीचं. नाव गुडूप. दिवा बंद झाला की टक् करून मान आत, पाय आत, आणि पाठ थरथरायला लागायची. मग मुलाने त्याच्या पाठीवरून हात फिरवायचा. मानेकडून शेपटीकडे, सावकाश. हळूहळू थरथर थांबायची, आतली मोटर घुर्र करायची, मान बाहेर यायची आणि गाल मंद उजळायचे. त्याची समजूत घालता घालता पोर स्वतःची भीती विसरायचं.

अजून एक गोष्ट होती, आणि पुढचं सगळं तिच्यावरच आहे.

गुडूपला माणूस एकच.

नव्या गुडूपच्या पोटाखाली एक पिवळा ठिपका पेटलेला असतो. अंधारात जो हात त्याला पहिल्यांदा शांत करतो, तो हात त्याच्या लक्षात राहतो. दाब, रुंदी, वेग, सगळं. ठिपका हिरवा होतो. त्यानंतर ते दुसऱ्या कुणालाही दाद देत नाही. ही पेचकसची कल्पना. त्याला भाऊ बरेच, लहानपणी एक खेळणं म्हणून त्याच्या एकट्याचं नव्हतं. चुकून भलत्याच माणसाचा हात लागला, तर पोटाच्या शिवणीत बारीक भोक ठेवलं होतं. त्यात टाचणी दाबली की सगळं पुसलं जायचं आणि ठिपका पुन्हा पिवळा व्हायचा.

म्हणून कार्यशाळेत एक नियम होता. नवं गुडूप चालू करून अंधारात सोडून जायचं नाही. चुकून कुणाचा हात लागायला नको.

नियम मीच केला होता. मोडलाही मीच.

*

माझ्या ताईची मुलगी खारू. नाव वेगळं आहे, पण पुढचे दोन दात आले तेव्हापासून ती आमची खारूच. वर्षाच्या सुरुवातीला त्यांच्या इमारतीत वीज गेली आणि खारू लिफ्टमध्ये अडकली. एकटी. मिट्ट काळोख. बाहेर काढलं तेव्हा ओरडून ओरडून तिचा आवाज बसला होता.

तेव्हापासून ती दिवा लावूनच झोपायची. झोपायची तरी कसली, ताईचा हात धरून पडून राहायची. ताईने हात काढला की उठून बसायची.

ताई बेकरीत काम करते. भट्टी पहाटे लागते. मेहुणे बोटीवर, वर्षातले बरेच महिने समुद्रात. रात्रभर जागायचं आणि उजाडायच्या आत कामावर हजर व्हायचं, असं तिचं चाललं होतं. डोळ्यांखाली काळं आलं होतं. मी एकदा म्हटलं, “ताई, सुट्टी घे थोडी.”

ती म्हणाली, “घेते की. मग घर तू चालव, तुझ्या कासवावर.”

तरी माझं ठरलं होतं. पहिलं धड गुडूप बाजारात जाणार नाही, खारूकडे जाईल.

ते ज्या दिवशी तयार झालं, तीच ही दुपार.

मखमलीचं एक असतं. हात फिरवला की खूण राहते. लव ज्या बाजूला वळेल तिथे रंग गडद दिसतो. म्हणून शिवणकाकू शेवटी वाफ देऊन लव एकसारखी बसवतात, आणि मग कुणी बोट जरी लावलं तरी अंगावर येतात. त्या दिवशी त्यांनी गुडूप दोन्ही तळहातांवर आणून माझ्यासमोर ठेवलं. “खारूचं आहे म्हणून दोनदा वाफ दिलीय. धरायचं ते पोटाखालून.”

मी ते पोटाखालून धरून अंधारखोलीत नेलं.

अंधारखोली म्हणजे मागच्या बाजूची बिनखिडकीची खोली. भिंती काळ्या रंगवलेल्या, दाराच्या फटीला रबर. मुलांच्या चाचण्या तिथेच व्हायच्या, आईबापांना शेजारी बसवून. आमच्या आधी तिथे काय होतं, याची मी नंतर खूप चौकशी केली. कागदाच्या रिळांचं गोदाम होतं, एवढंच कळलं. कुणी मेलं नाही, काही जळलं नाही. साधं गोदाम.

मी गुडूप टेबलावर ठेवलं, चालू केलं, दिवा घालवला. टक्. मान आत गेली. थरथर सुरू झाली. मोटर नीट चालतेय एवढंच बघायचं होतं.

तेवढ्यात बाहेरून पेचकस ओरडला, “चल रे, पोटात कावळे ओरडतायत!”

मी बाहेर आलो, सवयीने कुलूप लावलं, किल्ली खिशात टाकली. आम्ही तिघेही समोरच्या खानावळीत गेलो. अर्धं जेवण झाल्यावर आठवलं की ते चालूच राहिलंय. म्हटलं, राहू दे. बिचारं जरा थरथरेल, अजून काय?

परत आलो. पेचकस क्रिकेटबद्दल काहीतरी बडबडत होता. मी किल्ली काढली, आणि हात वर करून त्याला गप्प केलं.

दाराच्या आतून आवाज येत होता...

घुर्र.

मान आत जाताना टक् होतं, बाहेर येताना घुर्र. हा बाहेर येण्याचा आवाज होता.

“आत कोण आहे?” पेचकसने विचारलं.

मी त्याला किल्ली दाखवली.

दार उघडलं. आतल्या काळोखात गुडूपचे गाल उजळले होते. शांत, मजेत बसलं होतं. मी दिवा लावला. टेबल, दोन खुर्च्या, काळ्या भिंती. बाकी काही नाही.

मग पाठ दिसली...

मखमलीवर चार गडद पट्टे उमटले होते. शेजारी शेजारी, मानेपासून शेपटीपर्यंत, सरळ. मी माझा पंजा त्यावर धरला. माझी बोटं ताणूनसुद्धा त्या पट्ट्यांवर बसेनात.

“कुणी हात लावला रे?” मागून शिवणकाकू. “दोनदा वाफ दिली होती मी! माणसं आहात की कोण आहात?”

“काकू, तुम्ही आमच्याबरोबरच जेवत होतात,” पेचकस म्हणाला.

मी गुडूप उलटं केलं.

ठिपका हिरवा होता.

पेचकसने तिथेच बसून सगळं तपासलं. दाब मोजणारी पट्टी ठणठणीत. तारा ठणठणीत. “उष्णतेने काहीतरी झालं असेल,” तो म्हणाला, पण माझ्याकडे न बघता. मी टाचणी शोधायला काकूंच्या टेबलाकडे गेलो. पुसून टाकायचं, विषय संपला.

टाचणी हातात घेतली आणि फोन वाजला. बेकरीतून होता. ताईला उभ्या उभ्या डुलकी लागली होती आणि तिचा हात भट्टीच्या दारावर पडला होता. कोपरापर्यंत भाजला होता.

माझं डोकंच चालेना. टाचणी टाकली, गुडूप पिशवीत कोंबलं आणि पळालो.

*

संध्याकाळी ताईला दवाखान्यातून घरी आणलं. हाताला पांढरं बँडेज. खारू तिच्याकडे बघून रडत होती आणि ताई तिची समजूत काढत होती, “अगं, पाव नाही का भाजत, तशी आई भाजली.” असंच चाललं तर उद्या काय होईल, हे आम्हा दोघांनाही कळत होतं.

मी खारूला गुडूप दिलं. कसं कुरवाळायचं ते दाखवलं. दिवा घालवला, दार किलकिलं ठेवलं आणि बाहेर थांबलो.

टक्. थरथर.

“गुडूप, मी आहे ना. घाबरू नकोस. मी आहे...” तिचा बारीक आवाज येत राहिला.

घुर्र झालं नाही.

बऱ्याच वेळाने ती म्हणाली, “मामा, मी आवडत नाही त्याला.”

तेव्हा मला तो हिरवा ठिपका आठवला. म्हटलं, “तसं नाही गं, बिघडलंय ते. उद्या नीट करून देतो. आज बंद करून ठेवू.”

“बंद नको. ते घाबरलंय मामा. घाबरलेल्याला बंद करतात का?”

दिवा लावला, गुडूप तिच्या उशाशी ठेवलं आणि घरी आलो.

दुसऱ्या दिवशी सकाळीच ताईचा फोन.

“काय जादू केलीस रे! रात्री पाणी प्यायला उठले तर पोरीने स्वतः दिवा बंद केलेला. ढाराढूर झोपली होती. आणि तुझं कासव गाल पेटवून बसलं होतं शेजारी!”

मी म्हटलं, “छान.”

गुडूप खारूला दाद देणार नव्हतं. देऊच शकत नव्हतं. मग गाल कशाने पेटले?

पेचकसला सांगितलं. तो म्हणाला, “झोपली ना पोरगी? मग खाजवून खरूज कशाला काढतोस?”

मलाही तेच ऐकायचं होतं. खारू रोज झोपू लागली. ताईचा हात बरा झाला, चेहऱ्यावर रंग आला, ती पुन्हा मला टोमणे मारायला लागली. मी तिकडे फार फिरकलो नाही. खरं सांगायचं तर मला ते बघायचं नव्हतं.

मग एका संध्याकाळी गेलोच. ताई कणीक मळत होती, खारू ओट्याशी बसून पावाची कड कुरतडत होती. मी सहज विचारल्यासारखं विचारलं, “काय गं, गुडूपला कसं पटवलंस?”

“मी नाही पटवलं. त्या कुरवाळतात त्याला.”

“त्या कोण?”

“त्या म्हणजे त्या.”

“आई का?”

“आईला कुणी ‘त्या’ म्हणतं का मामा?” तिने माझी कीव केली.

“मग नाव काय त्यांचं?”

“नाव नाही विचारलं. मोठ्या आहेत ना, म्हणून ‘त्या’. आईच सांगते, मोठ्यांना अगंतुगं करायचं नाही.”

“तुला दिसतात?”

“अंधारात कसं दिसेल?”

“मग मोठ्या आहेत, हे कसं कळलं?”

खारूने तोंडातला पाव गिळला.

“हात मोठा आहे.”

*

ताईला ते सगळं खारूच्या डोक्यातलं खूळ वाटत होतं. मी म्हटलं, “गुडूप आज घेऊन जातो, दुरुस्त करतो.” तशी ती माझ्यावर चवताळली. “झोपतेय ना ती? मग तुझ्या पोटात का दुखतंय? पुन्हा ते सगळं सुरू झालं तर तू येणारेस रात्रभर हात धरून बसायला?”

तिच्या हातावरचा भाजल्याचा डाग अजून गुलाबी होता. मी म्हटलं, “बरं, नेत नाही. आज तिला मी झोपवतो.”

खिशात टाचणी होती. माझा बेत साधा होता. खारू झोपली की पुसून टाकायचं आणि बंद करायचं. दुसऱ्या दिवशी ती पहिल्यांदा हात फिरवेल आणि गुडूप तिचंच होईल.

जेवणं लवकरच उरकली. खारू अंथरुणात शिरली, गुडूप उशाशी. मी खाली जमिनीवर बसलो, पलंगाला पाठ टेकून. तिने स्वतःच दिवा घालवला.

टक्.

थरथरीचा बारीक आवाज सुरू झाला. बाहेर ताई भांडी घासत होती. मी कान देऊन बसलो. खारूने हात पांघरुणात घेतलेला होता. दोन्ही हात. मी चाचपून पाहिलं.

भांड्यांचा आवाज थांबला. नळ बंद झाला.

आणि मग...

थरथर थांबली.

मखमलीवरून काहीतरी फिरल्याचा आवाज. अगदी हलका. खस्स... थोडं थांबून पुन्हा, खस्स...

घुर्र.

गाल उजळले. त्या उजेडात मी गुडूपची पाठ पाहिली. तिच्यावर काहीच नव्हतं. पण मानेपाशी लव वळली... आणि ती वळत वळत शेपटीपर्यंत गेली. चार पट्टे, एकदम, सावकाश. माझ्या डोळ्यांसमोर.

ओरडावंसं वाटलं, पण खारू श्वास टाकत शांत झोपली होती आणि तिला उठवायचं नव्हतं. मी झडप घालून गुडूप उचललं, मांडीवर उलटं केलं. घाईत टाचणी दोनदा चुकली. तिसऱ्यांदा भोकात गेली.

दाबली.

गाल विझले. हिरवा ठिपका पिवळा झाला. टक्, मान आत. पुन्हा गच्च काळोख. मी बटण शोधू लागलो, बंद करायला.

मांडीवर गुडूप थरथरत होतं. मीही थरथरत होतो.

आणि कुणीतरी...

माझ्या मानेवर हात ठेवला.

शर्टावरून, सबंध पंजा. तो पाठीवरून खाली आला, सावकाश, कमरेपर्यंत. मग उचलला. मग पुन्हा मानेपासून.

यापुढचं सांगायला मला सगळ्यात जास्त लाज वाटते. मी ओरडलो नाही. पळालो नाही. तिसऱ्यांदा तो हात खाली आला, तेव्हा माझी भीती गेली होती. दाबून टाकली किंवा विसरलो असं नाही, ती उरलीच नाही. मला बरं वाटलं. कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं इतकं बरं वाटलं.

मग तो हात गुडूपकडे गेला असावा. मांडीवर घुर्र झालं. ठिपका हिरवा झाला. ते मी बघितलं आणि मला त्यात काही वावगं दिसलं नाही.

गुडूप उशाशी ठेवलं, खारूचं पांघरूण सारखं केलं आणि बाहेर आलो.

“काय झालं?” ताईने विचारलं.

“काही नाही. छान चाललंय. राहू दे.”

शीळ घालत घरी गेलो. मेल्यासारखा झोपलो.

भीती दुसऱ्या दिवशी परत आली. कार्यशाळेत, चांगला लख्ख उजेड असताना. पेचकस काहीतरी विचारत होता आणि एकाएकी मला दरदरून घाम फुटला. आपण त्या पोरीला तिथे कुणाबरोबर ठेवून आलो?

तिन्हीसांजेला पळत गेलो. खोलीत शिरलो. रिकाम्या हाताने, शीळ घालत परत आलो.

मग पुन्हा गेलो. पुन्हा तेच झालं. दिवसा गुडूप खारूच्या पिशवीत असायचं, शाळेत, खेळायला, आणि खारू ते कुणाच्या हाती द्यायची नाही. संध्याकाळी मी गेलो की माझी भीती त्या खोलीच्या दाराशीच गळून पडायची.

*

तरी मी गप्प बसलो असतो. झोपतेय ना पोरगी, असं मनाला समजावलं असतं. पण मग ताईचा एक फोन आला.

“आज काय गंमत झाली माहितीय?” ती हसत होती. “शाळेसमोर रस्त्यावर खारू मध्येच उभी राहिली. समोरून ट्रक. ड्रायव्हर हॉर्न वाजवतोय, ब्रेक मारतोय, आणि ही आपली बघत उभी! हातभर अंतरावर थांबला म्हणे. तो बिचारा उतरून रडायलाच लागला. आणि ही त्याला म्हणते, काका, घाबरू नका!”

ती खळखळून हसली.

“ताई,” मी म्हटलं, “तू कुठे झोपतेस हल्ली?”

“खारूच्याच खोलीत. काय मस्त झोप लागते रे तिथे.”

ही माझी ताई. खारूला साधी शिंक आली तरी रात्रभर कपाळाला हात लावून बघणारी.

मी फोन ठेवला आणि पेचकसला सगळं सांगितलं. पहिल्यापासून. तो हसला नाही. मी म्हटलं, “तू माझ्याबरोबर चल. आत यायचं नाही, जिन्यात थांबायचं. मी गुडूप घेऊन बाहेर आलो तर ठीक. पण रिकाम्या हाताने हसत आलो आणि म्हणालो की सगळं छान आहे, तर माझं एक अक्षर ऐकू नकोस. त्या दोघींना घराबाहेर काढ. उचलून काढावं लागलं तरी काढ.”

“काढतो,” पेचकस म्हणाला. तो दांडगा आहे, आणि शब्दाचा पक्का.

आम्ही रात्री गेलो. तो जिन्यात थांबला. मी आत गेलो.

बाहेर आलो ते मला नीट आठवतं. मी म्हणालो, “चल, चहा घेऊ.”

“कासव कुठे?”

“झोपलंय. राहू दे रे. छान आहे सगळं.”

पेचकसने माझी कॉलर धरली, मला पायरीवर बसवलं आणि स्वतः आत गेला. मला त्याचं हसू येत होतं. आतून त्याचा आवाज आला, चढलेला, “ताई, उठा! पोरीला घ्या आणि बाहेर चला, आत्ताच्या आत्ता!” ताईचा काहीतरी झोपेतला शब्द. मग खोलीचं दार लागल्याचा आवाज.

मग काहीच नाही.

मी पायरीवर बसून होतो. कुणाच्या तरी घरात बातम्या लागल्या होत्या.

आतून हलकेच...

घुर्र.

थोड्या वेळाने पेचकस बाहेर आला. हात रिकामे होते. चेहरा असा सैल झाला होता की मी त्याला इतक्या वर्षांत तसं कधी पाहिलं नव्हतं.

“चल रे,” तो म्हणाला, “चहा घेऊ.”

आम्ही चहा घेतला.

हे मी दुपारी लिहितोय, कार्यशाळेच्या टेबलावर, पडदे उघडे टाकून. दुपारी माझी भीती माझ्याजवळ असते. खारूसाठी जीव घाबराघुबरा होणं, हेच तर माझ्याकडे तिला द्यायला होतं. ते त्या दारात काढून घेतलं जातं, आणि घेतलं गेल्याचं दुःखही वाटत नाही. खारू सध्या गच्चीच्या कठड्यावर बसून अभ्यास करते, असं ताई कौतुकाने सांगत होती. पेचकस समोर बसलाय. त्याला विचारलं की म्हणतो, “बिघडलं काय त्यात?”

दाराशी उभं राहायला आता माझ्याकडे एकच माणूस उरलंय. पण ताईने रविवारी आम्हा तिघांना जेवायला बोलावलंय. खारूचा हट्ट आहे म्हणे, रात्री राहायलाच या.

शिवणकाकूंनी मला न विचारताच हो म्हणून सांगून टाकलंय.